“आई, तुझे लक्ष कुठे होते?”

एका आजींचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देते.

“माझे वय ६४. वडोदऱ्याला रावपुऱ्यात आमचे जुने दुमजली घर आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे एकोणीस महिन्यांचा नातू दिवसभर माझ्याजवळ असतो. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी मी चहाचा कप टीपॉयवर ठेवला आणि दाराची घंटा वाजली म्हणून उठले. परत येईपर्यंत त्याने टीपॉयवरचा विणलेला रुमाल ओढला आणि चहा त्याच्या छातीवर आणि डाव्या हातावर सांडला. शेजारच्या बाईंनी टूथपेस्ट लावली, मी बर्फ धरला, मग दवाखान्यात नेले. फोड आले होते, आता जखम भरली आहे, कातडी गुलाबी दिसते. त्या संध्याकाळी मुलगा एवढेच म्हणाला, ‘आई, तुझे लक्ष कुठे होते?’ सून काही बोलली नाही, पण ती आता पाळणाघर शोधते आहे. माझ्या यजमानांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. घरात झोपाळा आहे, उभा जिना आहे, नळाला सकाळीच पाणी येते म्हणून बादल्या भरून ठेवाव्या लागतात. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मी आणखी किती लक्ष ठेवू? की नातवाला माझ्याजवळ ठेवूच नये?”

ताई, सप्रेम नमस्कार.

बाळाची जखम भरली हे वाचून जिवाला बरे वाटले. तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर आधी देते, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. आहे त्याहून अधिक लक्ष तुम्ही ठेवू शकणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. अनेक वर्षे मी या शहरात मुलांची डॉक्टर म्हणून काम केले. भाजलेले, पडलेले, घशात काही अडकलेले मूल कडेवर घेऊन जे कोणी येत, मग ती आई असो, आजोबा असोत की मोठी बहीण, त्यांतील बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असे : “क्षणभरच वळले हो.” ते वाक्य मी कधी सबब मानले नाही, कारण ते खरे असते. घंटा वाजते, दूध उतू जाते, दुपारी डोळा लागतो. मुलाची सुरक्षितता केवळ न वळणाऱ्या नजरेवर टांगलेली असेल, तर तो धागा कधी ना कधी तुटणारच, मग ती नजर आजीची असो, आईची असो वा पाळणाघरातील पगारी बाईची.

त्या दुपारी काय काय जुळून आले ते एकदा शांतपणे पाहा. कपात नुकताच ओतलेला चहा होता. टीपॉय बाळाच्या छातीइतक्या उंचीचा होता. त्याच्या काठावरून रुमाल लोंबत होता, आणि लोंबणारी वस्तू ओढून पाहणे हे या वयाचे मुख्य काम असते. घंटा सर्वांत शेवटी वाजली. रुमाल नसता, किंवा कप ओट्यावर आत सरकवून ठेवलेला असता, तर तुमचे लक्ष नसतानाही काही झाले नसते. तुमच्या मुलाने या साखळीतील नेमकी ती कडी धरली, जी कोणालाही पक्की करता येत नाही. रुमालाची कडी मात्र दोन मिनिटांत काढून टाकता आली असती आणि तिच्याविषयी कोणीच काही बोलले नाही. (तो रुमाल अजून टीपॉयवर असेल, तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तो कपाटात ठेवा.)

मूल दुखावले की आपल्याकडे दोनच स्पष्टीकरणे दिली जातात. एक म्हणजे ‘नशिबात होते’ आणि दुसरे म्हणजे ‘कोणाचे तरी लक्ष नव्हते’. ही दोन्ही वाक्ये उच्चारली की विचार तिथेच थांबतो आणि टीपॉय जागच्या जागी राहतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ साली आपल्या पानांवर ‘अपघात’ या अर्थाचा शब्द वापरणे थांबवले, त्यामागचा विचार हाच होता की बहुतेक इजा अवचित आकाशातून पडत नाहीत, त्या आधीच दिसू शकतात आणि म्हणून टाळता येतात. २००८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मुलांच्या इजांवर अहवाल काढला, तेव्हा जगात दररोज दोन हजारांहून अधिक मुले अशा इजांनी दगावत होती, आणि ठाऊक असलेले उपाय सर्वत्र केले तर त्यांतील निदान हजार वाचतील, असे त्यात म्हटले होते.

न्यूयॉर्क शहराचा अनुभव मला फार बोलका वाटतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तेथे उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुले पडत. ब्राँक्स भागात परिचारिका घरोघरी गेल्या, आईबापांशी बोलल्या, पण नुसते बोलून थांबल्या नाहीत. लहान मुले असलेल्या घरांना खिडक्यांचे गज फुकट देण्यात आले. दोन वर्षांत तेथील पडण्याचे प्रकार निम्म्यावर आले, आणि १९७६ साली लहान मुले राहत असलेल्या घरांत असे गज बसवणे घरमालकांना बंधनकारक झाले. आया तेवढ्याच दमलेल्या होत्या, मुले तेवढीच खोडकर होती. खिडकी बदलली होती. ताई, तुम्हाला घरात जे करायचे आहे ते याच जातीचे काम आहे.

आता पोळण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण जे तुमच्या घरी घडले तेच उद्या दुसऱ्या घरी घडणार आहे. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही पोळलेल्या जागेवर लावू नये. त्याने आतली उष्णता निघत नाही, जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही, आणि ते खरवडून काढताना मुलाला पुन्हा यातना होतात. बर्फही नको, त्याच्या अतिथंडपणाने आधीच पोळलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि इजा वाढते. करायचे ते इतके साधे आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. अंगावरचा भिजलेला कपडा लगेच काढायचा (कातडीला चिकटला असेल तर तेवढा भाग सोडून), हातातले कडे किंवा मनगटावरचा काळा दोरा सूज येण्याआधी काढायचा, आणि पोळलेली जागा नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरायची. घड्याळ लावून धरायची, कारण रडणारे मूल हातात असताना तीन मिनिटेही वीस वाटतात. तुमच्या घरी दुपारी नळाला पाणी नसते, म्हणून बादलीतून तांब्यातांब्याने सलग ओतत राहिले तरी चालते. बाळाचे बाकीचे अंग मात्र कोरड्या पंचात गुंडाळून उबदार ठेवावे. पहिल्या काही मिनिटांत हे जमले नाही, तरी तीन तासांच्या आत केले तर उपयोग होतो. मग स्वच्छ सुती कापड सैलसर झाकून डॉक्टरांकडे जावे. फोड फोडू नयेत. चेहरा, हात, सांधा किंवा शूची जागा पोळली असेल, किंवा मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी जागा असेल, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

लहान मुलाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. साठ अंश सेल्सियसचे पाणी मोठ्या माणसाला साधारण पाच सेकंदांत खोल पोळते. बाळाला त्याहूनही कमी वेळ पुरतो. कपात ओतलेला चहा दहा-पंधरा मिनिटांनंतरही बाळाला पोळण्याइतका गरम असतो. म्हणून एक नियम सर्वांसाठी करा : बाळ मांडीवर किंवा कडेवर असताना कोणीही गरम पेय हातात घ्यायचे नाही, पाहुण्यांनीही नाही. गीझरचे तापमान ५० अंशांवर किंवा त्याखाली ठेवा, आणि आंघोळीच्या बादलीत नेहमी आधी थंड पाणी घेऊन मग गरम सोडा.

येत्या रविवारी तुम्ही तिघे-चौघे मिळून घर पाहा, पण उभ्याने नव्हे. गुडघे साथ देत असतील तर तुम्ही, नाही तर तुमच्या मुलाने, जमिनीवर बसून, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवरून प्रत्येक खोली पाहावी. मोठ्यांना कधीच न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात : इस्त्रीची लोंबणारी वायर, सोफ्याखाली गेलेले नाणे, उघडे पडलेले विजेचे खालचे सॉकेट, दिवाणाच्या शेजारी असलेली खिडकी. बाळ आज जिथे पोहोचत नाही तिथे ते पुढच्या महिन्यात पोहोचेल, म्हणून ही पाहणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागेल. तुमचा चहाचा कप अनेक महिने त्याच टीपॉयवर ठेवला जात असणार आणि काही झाले नसणार. सवय तीच राहिली आणि मूल वाढले.

झोपाळ्याविषयी मला पोटतिडकीने लिहायचे आहे. वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांनी ही गुजराती सवय मनापासून उचलली आणि ती आनंदाची आहे यात शंका नाही. परंतु पितळी कड्यांच्या सांध्यात एका माणसाचे वजन फिरत असते आणि तिथे बाळाचे बोट गेले तर सुटत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची होती. मी झोपाळ्यावर बसून मासिक वाचत होते आणि ती साखळी धरून उभी होती. तिच्या तर्जनीचे टोक चिरडले. मी मुलांची डॉक्टर होते, मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि माझे तिच्याकडे लक्षही होते. तरी मला ते थांबवता आले नाही. आज ती चाळिशीत आहे आणि ते नख अजून किंचित वाकडे आहे. त्यानंतर मी साखळ्यांवर जाड कापडाच्या लांब खोळी शिवून चढवल्या. दुसरा धोका पाटाच्या कडेचा. रांगणारे किंवा नुकते चालू लागलेले मूल पाटाखाली शिरते आणि परत येणारा पाट कपाळावर बसतो. माझे मत विचाराल, तर नातू चार वर्षांचा होईपर्यंत पाट आकड्यांवरून काढून भिंतीला लावून ठेवावा. घरातील थोरांना हे जड जाईल, हे मला कळते. निदान तो दिवसा काढून ठेवावा आणि बाळ झोपल्यावर लावावा.

जिन्याला वर आणि खाली अशी दोन्हीकडे फाटके हवीत. सुतार एका दिवसात करून देतो. पट्ट्या उभ्या असाव्यात, आडव्या असल्या की त्यांची शिडी होते, आणि दोन पट्ट्यांत चार इंचांपेक्षा कमी अंतर असावे. गच्चीच्या दाराची कडी वरच्या बाजूला लावून घ्या. कोणी प्रेमाने चाकांचा बसका वॉकर भेट दिला असेल तर तो वापरू नका; त्यात बसलेले मूल क्षणात जिन्यापर्यंत पोहोचते आणि त्याने चालणेही लवकर येत नाही. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा, सपाट जमिनीवर आणि जिन्यापासून दूर, त्याहून पुष्कळ बरा.

डोक्याला मार लागला तर घाबरून न जाता काय पाहायचे ते लक्षात ठेवा. मूल लगेच रडले, थोड्या वेळात खेळू लागले, तर बहुधा काळजी नसते. पण क्षणभरही शुद्ध हरपली, एकाहून अधिक वेळा उलटी झाली, झटका आला, नेहमीपेक्षा वेगळी झोप लागून उठवणे कठीण झाले, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आले, किंवा कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र मऊ टेंगूळ आले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. दोन वर्षांच्या आतील मूल तीन फुटांहून उंचावरून पडले असेल, तर लक्षणे नसली तरी एकदा दाखवावे.

तुमच्या भरलेल्या बादल्यांनी मला चहाइतकेच अस्वस्थ केले. बुडणे म्हटले की आपल्याला सूरसागर तलाव किंवा मही नदी आठवते, न्हाणीघर आठवत नाही. या वयाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकून पाहते, तोल जातो, आणि हातांत स्वतःला बाहेर ओढण्याइतकी ताकद नसते. दोन इंच पाणीही पुरते. सर्वांत वाईट म्हणजे आवाज होत नाही; बुडणारे मूल ओरडत नाही, हात मारत नाही, आणि काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होते. पाणी भरल्याशिवाय तुमचे चालणार नाही, हे मान्य. मग उघड्या बादल्यांऐवजी घट्ट फिरकीच्या झाकणाचे, खाली तोटी असलेले पिंप घ्या, रिकाम्या बादल्या पालथ्या ठेवा, न्हाणीघराला बाहेरून वरच्या बाजूला कडी लावा, आणि अंगणात जमिनीतली टाकी असेल तर तिच्या झाकणाला कुलूप घाला. बाळाला आंघोळ घालताना फोन वाजला तर वाजू द्या. उठायचेच असेल तर बाळाला पंचात गुंडाळून बरोबर न्या.

यजमानांच्या औषधांची गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढते, कारण आजी-आजोबांच्या घरातला हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर जीवघेणी खाली आणू शकते, आणि ती अनेक तासांनीही उतरू शकते, त्यामुळे मूल खेळते आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ॲम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्याही तितक्याच घातक. मुलाने औषध घ्यावे म्हणून कधीकधी गोळीला ‘खाऊ’ म्हटले जाते. तसे कधीही करू नये. आठवड्याच्या कप्प्यांची डबी सोयीची असली तरी ती बाळाला सहज उघडते, म्हणून ती कुलपाच्या कपाटातच असावी. उशीजवळ, डब्यावर, पर्समध्ये गोळ्या राहू देऊ नका, आणि पाहुण्या आलेल्या वडीलधाऱ्यांची पिशवीही खुंटीवर उंच टांगा.

देवघरही पाहा. कापराची वडी मुलाला खडीसाखरेसारखी दिसते, आणि खडीसाखर त्याच हातांनी आपणच त्याला प्रसाद म्हणून दिलेली असते. कापराची एक-दोन वड्यांइतकी मात्राही लहान मुलाला थोड्याच वेळात झटके आणू शकते. कापूर, काड्यापेटी आणि सुपारी वरच्या फळीवर हवीत. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचेही तेच. काही मुलांत त्या पोटात गेल्यावर रक्तपेशी फुटतात. फिनाईल, संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा रॉकेल सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. यांपैकी काहीही पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. रॉकेल उलटताना फुप्फुसात जाते, ॲसिड अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन निघा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो आणि रुग्णवाहिकेचा १०८ स्वयंपाकघरात मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

रिमोट, वजनकाटा, दिव्यांची खेळणी, दिवाळीच्या बॅटरीवरच्या पणत्या यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत तिथले मांस जळू लागते. गिळल्याची नुसती शंका आली तरी तातडीने एक्स-रे काढता येईल अशा रुग्णालयात न्यावे. मूल वर्षाच्या वरचे असेल, गिळू शकत असेल आणि घटनेला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवावा, पण मधासाठी निघणे लांबवू नये.

खाण्याविषयी आपण वडोदऱ्याचे लोक जरा सैल आहोत. भरूचहून येणारी खारी शिंग (खारे शेंगदाणे) आणि इथला लीलो चेवडो (ओलसर चिवडा) घरात नेहमी असतो, आणि येताजाता बाळाच्या तोंडात एक दाणा टाकला जातो. पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, चणे-फुटाणे, सुकामेवा देऊ नये. द्यायचा तर कूट करून द्यावा. द्राक्षे उभी चिरून, सीताफळ आणि बोरे बिया काढून द्यावीत. मूल बसलेले असताना भरवावे, पळता पळता नव्हे, आणि हसवत तर मुळीच नव्हे. खाताना मुलाला अचानक जोराचा ठसका लागला आणि तो थांबला, तर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण कधी दाणा श्वासनलिकेच्या एका फाट्यात उतरून बसलेला असतो. मग आठवडाभर खोकला, एका बाजूने शिट्टीसारखा आवाज, ताप, आणि ‘सर्दी छातीत उतरली’ असे निदान. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना तो पहिला ठसका आठवणीने सांगा. अशा अनेक मुलांचे निदान एखाद्या आजीने सांगितलेल्या त्या एका वाक्यावरून झाले आहे.

मूल खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल आणि चेहरा निळा पडू लागला असेल, तर त्याला पुढे झुकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच थापा द्याव्यात. न निघाल्यास, वर्षाच्या वरच्या मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्यावेत, आणि हे आलटून पालटून करत राहावे. वर्षाच्या आतील बाळाच्या पोटावर दाब देऊ नये. त्याला मांडीवर उताणे घेऊन छातीच्या हाडावर पाच दाब द्यावेत. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते. हे वाचून येत नाही. तुम्ही, सून आणि मुलगा यांनी बाळाच्या डॉक्टरांना विनंती करून एकदा बाहुलीवर करून पाहावे.

उत्तरायणाची आठवण आत्ताच करून देते. १४ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीला, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला पतंग उडवताना गच्चीवर सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे असतात. पाच वर्षांखालील मुलाला गच्चीवर न्यायचे असेल, तर एका मोठ्या माणसाने पतंगाला हातच लावायचा नाही, त्या तासाभरापुरते त्याचे काम बाळाचा हात धरणे एवढेच. त्या दिवसांत स्कूटरच्या पुढे उभे केलेल्या मुलाच्या गळ्याला मांजा सर्वांत आधी लागतो. एरवीही मुलाला पुढे उभे करू नये. फेब्रुवारी २०२३ पासून नियमच असा आहे की नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पाळणाघर हा तुमच्यासाठी शिक्षेचा विषय होऊ नये, आणि तुमच्याकडे ठेवणे हा मानाचाही. तुमचे वय ६४ आहे, तुम्ही दहा-दहा तास एकट्या एकोणीस महिन्यांच्या मुलामागे फिरता, आणि दुपारी तुम्हाला थकवा येत असणार. ते नैसर्गिक आहे आणि ते घरात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. एक खोली अशी तयार करा की जिथे बाळाला इजा होईल असे काहीच नाही, दाराशी फाटक, जमिनीवर गादी, थोडी खेळणी. तुम्हाला उठावे लागले की बाळ त्या खोलीत जाईल. दुपारचे तीन तास मदतीला एखादी बाई ठेवता आली तर ठेवा. अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी, असेही चालेल. पण सुनेने पाळणाघर पाहताना तिथेही हेच विचारावे : बादल्या कुठे असतात, औषधे कुठे, जिन्याला दार आहे का, एका बाईकडे किती मुले. ज्या घरात चहाची जागा बदलली आहे ते घर, जिथे बाई चांगली पण न्हाणीघर उघडे अशा पाळणाघरापेक्षा अधिक सुरक्षित आहे.

पुढचा भाग तुमच्या मुलाला आणि सुनेला वाचायला द्या. तुमचा तो प्रश्न भीतीतून आला, हे मला दिसते. त्या संध्याकाळी तुमच्याही हातापायांत त्राण नसेल. पण तो परत घ्या. आईला तसे शब्दांत सांगा, कारण ती तीन आठवडे झोपलेली नाही, आणि न झोपलेल्या माणसाच्या हातून कप अधिक सांडतात. घरातील लहानसहान चुका ज्या घरात लपवाव्या लागतात, तिथे बाळाने गोळी गिळल्याचेही तासभर सांगितले जात नाही. फाटके बसवणे, पिंप आणणे, कपाटाला कुलूप करणे ही कामे आईवर टाकू नका. ती तुमची आहेत, आणि ती एका रविवारी होतात.

बाळाच्या हाताबद्दल एवढेच राहिले. नवी गुलाबी कातडी कोरडी पडते आणि खाजते. दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल हलक्या हाताने चोळून लावा, नखे कापून ठेवा, आणि वर्षभर उन्हात नेताना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाला, नाही तर ती जागा काळी पडते. जखम भरायला तीन आठवड्यांहून अधिक लागले असतील, किंवा डाग जाड, उंचवट्याचा होऊ लागला, किंवा कोपर पूर्ण सरळ होताना ओढ बसते असे दिसले, तर थांबू नका; दाबपट्टी आणि सिलिकॉनची चकती यांचा उपयोग लवकर सुरू केला तर अधिक होतो, म्हणून प्लास्टिक सर्जनना दाखवा.